बटणांचं यंत्र

"थांब, हाताला विचारू."

हे बाईंचं ठरलेलं वाक्य. वांगी घ्यायची असोत, साडी असो की भिंतीत ठोकायचा खिळा, त्या वस्तू डाव्या हातात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि अंगठा तिच्यावरून सावकाश फिरवायच्या. ठेल्यावरचा भाजीवाला वैतागायचा. "बाईसाब, बैंगन है, नाड़ी क्यों देख रहे हो?" बाई हसायच्या नाहीत. डोळे उघडून दोन वांगी परत ठेवायच्या आणि एक पिशवीत टाकायच्या.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीत अशी एखादी बाई असते, जिची खोड इतकी जुनी असते की ती खोड आहे हेच आपण विसरून जातो. माझंही तसंच झालं. हाताला विचारणं कधी संपलं आणि हातावरच सगळं कधी येऊन पडलं, ते मला फार उशिरा कळलं.

बाईंचं घर देवासला, टेकरीच्या पायथ्याशी. आमचं मागच्या गल्लीत. माझ्या सासऱ्यांचे आजोबा दरबाराच्या पागेत घोडे बघायला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मी बाईंकडे सकाळी पोळ्या आणि भाजी करायला जायची. बाई धार जिल्ह्यात भूगोल शिकवायच्या. निसरपुर, बाग, मग धार, अशा बदल्या होत होत निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान आधीच गेले होते. मुलगा पुण्याला नोकरीत.

त्या मुलानेच त्यांना हे वेड लावलं. पुण्याला गेल्या होत्या तेव्हा तो त्यांना एका डोंगरावर घेऊन गेला आणि फोनमध्ये बघत बघत एका दगडाखालून प्लॅस्टिकचा डबा काढून दाखवला. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोक हा खेळ खेळतात. आपण एक डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्याने ते आकडे यंत्रात घालून तिथे यायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. बक्षीस काही नाही. मी विचारलं होतं, "मग मिळतं काय?" बाई म्हणाल्या, "डबा मिळतो की."

माळव्यात त्यांनी बरेच डबे लपवले. गल्लीत बोभाटा झाला की मास्तरीण जुनं धन उकरत हिंडते. कोपऱ्यावरची भाभी मला रोज टोमणा मारायची, "काय गं शोभा, तुझ्या बाईंना खजाना मिला क्या?" मी मान खाली घालून पुढे जायची. मला असल्या बोलण्याला उत्तर सुचतं ते घरी पोचल्यावर.

बागला त्यांनी एक डबा नदीकाठी ठेवला होता, जिथे छपाईचं कापड वाळत घालतात त्याच्याजवळ. तो गायब झाला. बाई बघायला गेल्या, तर एका छपाईवाल्याच्या बायकोने त्यात हळद भरून चुलीजवळ ठेवलेली. बाई तिच्याकडे चहा पिऊन आल्या आणि डबा तिलाच देऊन टाकला. निसरपुरकडचा डबा त्यांनी उन्हाळ्यात ठेवला होता. धरणाचं पाणी कुठवर चढतं याचा अंदाज भूगोलाच्या बाईंचाच चुकला. डबा बुडाला. मी हळहळले तर म्हणाल्या, "असू दे. आता मासे सही करतील."

नवीन पोरं इंदूरहून त्यांना विचारायला यायची. त्यांना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. "यंत्र अंगणापर्यंत आणतं. दार आपण शोधायचं." म्हणजे यंत्र कितीही चांगलं असलं तरी चार-सहा पावलांचा फरक राहतोच. शेवटचं काम डोळ्यांचं.

ते डोळेच जात होते.

एका सकाळी बाईंनी चहा गाळला. कपात नाही, कपाच्या शेजारी. चहा ओट्यावरून खाली माझ्या पायावर आला तरी त्या गाळतच होत्या, आणि चेहरा अगदी शांत. मी "बाई" म्हटलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. मग मी फडकं घेऊन पुसायला बसले, तेव्हा वरून आवाज आला, "फ्रीजमध्ये लोणच्याच्या मागे बाटली आहे बघ. डोळ्यात टाकायची. काचबिंदू आहे. इथे काला मोतिया म्हणतात तो."

"पुण्याच्या दादांना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

समोरचं थोडं दिसायचं, तेही धुरकट. बाजूचं आणि पायाखालचं गेलं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बँकेचं काम आहे म्हणून बाई बसने इंदूरला जायच्या, त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जायच्या.

सांगायचं का नाही, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचे डोळे असेच गेले. तिच्या मुलांनी तिला शहरात नेलं, उंच मजल्यावर. वाईट कोणी वागलं नाही. सकाळी सगळे कामाला जायचे आणि ती पडेल, गॅस चालू ठेवेल म्हणून बाहेरून कडी-कुलूप लावून जायचे. "मी भेटायला गेले तर दाराच्या आतून माझ्याशी बोलली," बाई म्हणाल्या. "चावी सुनेकडे होती. आम्ही दोघी दाराला टेकून बसलो, ती आतून, मी बाहेरून. शोभा, मला तसं नको."

मी हो म्हटलं. मी कोणाला काही सांगण्यातली नाहीच. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात पाऊल टाकताना मी आधी फरशी बघायची. आज काय सांडलं असेल, आज कुठे लागलं असेल.

थंडीच्या सुरुवातीला मांडूच्या डब्याबद्दल निरोप आला. दोन जण येऊन शोधून गेले, डबा नाही. या खेळात नियम आहे. ज्याचा डबा त्याने जाऊन बघायचं. महिन्याभरात बघितला नाही तर ती जागा बंद करून टाकतात. मांडूचा डबा बाईंचा पहिला होता.

"मी जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"कशा जाल?"

"जशी नेहमी जाते."

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मांडूच्या दरीजवळ फोनला रेंज नसते आणि तुझा फोन उन्हात दिसत नाही म्हणतेस. हातात धरायचं खरं जीपीएस यंत्र घे. मी पाठवतो." उन्हात फोन दिसत नाही ही बाईंचीच थाप होती. तिच्यातून आता यंत्र निघालं.

आठवड्यात खोकं आलं. मोठ्या काचेचं यंत्र, सगळं बोटाने सरकवायचं. नकाशा रंगीत. चार्जिंगचं. बाईंनी ते डाव्या हातात घेतलं, डोळे मिटले, अंगठा फिरवला. काच गुळगुळीत. अंगठा फिरला तसा आत नकाशा कुठल्या कुठे पळाला. त्या पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. मी पोळी लाटायची थांबले.

"या काचेला हात कळत नाही," त्या म्हणाल्या आणि खोक्यात ठेवून दिलं.

तर बटणांचं यंत्र शोधायला आम्ही इंदूरला गेलो. जमीन मोजायचं सामान विकणारं एक दुकान होतं. बसमधून उतरताना मी कोपर पुढे केलं. त्यांनी ते धरलं नाही, पण माझ्या बाहीला बोट लावून ठेवलं.

दुकानदार तरुण होता, बोलका. त्याने तीन-चार यंत्रं काउंटरवर मांडली. एकावरून सॅटेलाइटने थेट निरोप पाठवता यायचा. ते त्याने स्वतःच बाजूला सारलं. "मैडम, ये बिना परमिशन के नहीं चलता, पुलिस पूछेगी." बाईंनी एक जुनं, जाडसर यंत्र उचललं आणि डोळे मिटले. वर उंचवटा असलेलं बटण, बाजूला दोन, खाली एक. अंगठा प्रत्येकावर थांबला. चेहरा हळूहळू सैल झाला.

"आप आँख बंद करके खरीदती हो?" तो हसला.

"चेहरा देखकर तो शादी करते हैं, भिया," बाई म्हणाल्या. "सामान हाथ से लेते हैं."

तो आणखी हसला. मग त्याने सरळ सांगितलं की हे मॉडेल जुनं आहे, यात होकायंत्र नाही. "खड़े रहोगे तो तीर घूमता रहेगा. चलते रहो तो सही बताएगा."

"चलते ही तो रहना है." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "इसमें आवाज़ है? किसी जगह के पास पहुँचे तो बोले, ऐसा?"

होतं. एखादी जागा आत घालून ठेवली की तिच्याजवळ गेल्यावर ते वाजायचं. त्याने वाजवून दाखवलं. टिटवीसारखा आवाज. बाईंनी तो परत ऐकवायला लावला, मग आणखी एकदा. सेल साधे, कुठल्याही पानवाल्याकडे मिळणारे. दुकानदार म्हणाला, चार दिवस वापरून बघा, मग पैसे द्या.

मुलाला हे पटेना. सगळं जग काचेकडे चाललंय आणि आई बटणांकडे, असं तो म्हणाला. मग त्यानेच शक्कल काढली. दोन्ही यंत्रं गच्चीवर शेजारी ठेवायची, आकडे वाचायचे आणि फरक किती पडतो ते बघायचं. व्हिडिओ कॉलवर.

सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. बाईंनी फोन पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला आणि स्वतः समोर बसल्या. मी फोनच्या मागे, दोरीवर ओली चादर टाकून तिच्या आड उभी. त्यांनी यंत्र असं धरायचं की तोंड माझ्याकडे होईल, आणि मी हळू आवाजात वाचायचं, असं ठरलं होतं. आकडे मला येतात. अक्षराशी गाडी अडली.

"दोन काठ्या," मी पुटपुटले, "मध्ये एक तिरकी."

"एन," बाई मोठ्याने म्हणाल्या. "बावीस, सत्तावन्न..."

"आई, इतका वेळ का लागतोय?"

"ऊन आहे रे डोळ्यावर."

"इथून तर ढग दिसतायत."

मी चादर घट्ट धरली. मग बाई फटकन म्हणाल्या, "तुला ढग दिसतायत तर तूच वाच!" तो हसला. पण हसून झाल्यावर त्याने विचारलं, "कोण पुटपुटतंय तिथे?"

"शोभा. चादर वाळत घालतेय."

"शोभाताई," त्याने हाक मारली, "आई बरी आहे ना?"

मी चादरीआडून "हो दादा" म्हटलं. तेवढे दोन शब्द, आणि माझी मान दुखायला लागली.

फरक थोडासाच निघाला. पण त्याचं म्हणणं कायम होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "मांडूला दोन्ही नेते. जे डब्यापर्यंत नेईल ते ठेवू."

जायच्या आदल्या दिवशी आम्ही बटणांच्या यंत्रात जागा भरल्या. त्यांच्या फोनमध्ये आकडे साठवलेले होते. मी वाचायची, त्या दाबायच्या. डब्याची एक जागा असेल असं मला वाटलं, पण जागा बऱ्याच निघाल्या. मी विचारलं, "इतके डबे आहेत मांडूला?" बाई म्हणाल्या, "पुढचा वाच."

गल्लीतल्या भियाची, म्हणजे भैयाची, व्हॅन केली. इंदूर, धार आणि मग घाट. भियाला वाटलं देवदर्शन आहे. मांडूच्या पलीकडे रस्ता संपतो तिथे बाईंनी गाडी थांबवायला सांगितली तेव्हा तो बुचकळ्यात पडला. "माताराम, इधर तो कोई मंदिर नहीं है."

"भिया, तुम पोहे खाओ. हम अभी आए."

जागा तुम्ही डोळ्यांसमोर आणा. वाळलेलं पिवळं गवत, कमरेइतकं. मधेच एक पडकी भिंत. मांडूला ती परदेशी चिंच असते ना, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची, तिची दोन-तीन झाडं. आणि झाडांच्या पलीकडे काहीच नाही. दरी. कठडा नाही, पाटी नाही. गवत असतं आणि मग नसतं.

दुपारचं ऊन डोक्यावर होतं. काचेचं यंत्र माझ्या हातात. त्यात मला माझंच तोंड दिसत होतं. मी हाताची सावली केली, बोट लागलं, नकाशा सरकला, काहीतरी विचारू लागला. बाई पुढे होत्या, बटणांचं यंत्र डाव्या हातात, उजव्या हातात मिटलेली छत्री.

"तीर काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं आणि यंत्र माझ्यासमोर धरलं.

"गोल फिरतोय."

"उभं राहिलं की असंच करतो. चालू लागलं की शांत होईल."

त्या चालू लागल्या. चाल इतकी सरळ, इतकी भरवशाची, जणू शाळेच्या व्हरांड्यातून वर्गाकडे निघाल्यात. मी परत काचेत डोकं घातलं. ती विचारत होती ते काय, हो म्हणायचं की नाही, काही कळेना. शेवटी मी मान वर केली. बाई चिंचेच्या पुढे गेल्या होत्या.

मला ओरडायला हवं होतं. मी "बाई" म्हटलं. माझा आवाज एरवीही शेजारच्या खोलीत जात नाही, तो त्या मोकळ्या जागेत कुठे जाणार. वारा होता. त्या चालतच होत्या. त्यांच्यापुढचं गवत विरळ झालं, मग नुसते दगड, आणि दगडांच्या पुढे दूरवरची धुरकट झाडी, खूप खाली.

मी धावले. माझ्या हातात त्यांचा पदर आला, तो मी दोन्ही हातांनी धरला आणि मागे जमिनीवर बसले, आपटलेच. पदर टरकला पण सुटला नाही. बाई गुडघ्यांवर आल्या. त्यांच्या छत्रीने काही दगड सुटले. ते पडल्याचा आवाज लगेच आला नाही. आम्ही दोघी तो यायची वाट बघत होतो, आणि मग तो आला, बारीकसा.

त्यानंतर यंत्र वाजलं. टिटवीसारखं. वाजतच राहिलं.

मी बाईंना ओढत ओढत झाडापर्यंत मागे आणलं. बुंध्याला टेकून बसवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. यंत्र हातात तसंच होतं, अंगठ्याने त्यांनी ते बंद केलं.

"किती खोल आहे?" त्यांनी विचारलं.

"तळ दिसत नाही, बाई."

"तुलाही नाही? मग ठीक आहे."

आणि त्या हसल्या. मी पण हसले. हसता हसता मला रडू आलं. बाईंनी हाताने चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. यंत्रात भरलेल्या त्या सगळ्या जागा डब्यांच्या नव्हत्या. बहुतेक दरीच्या कडेच्या होत्या. मागच्या वर्षी, थोडं बरं दिसत होतं तेव्हा, त्या कडेकडेने फिरल्या होत्या आणि फोनमध्ये एकेक जागा घेऊन ठेवली होती. पुढे लागेल म्हणून. बटणांचं यंत्र हवं होतं ते एवढ्यासाठी की कड जवळ आली की ते वाजेल आणि त्या थांबतील. डोळे नसले तरी चालेल.

"जगाला सांगत होते, यंत्र अंगणापर्यंत आणतं," त्या म्हणाल्या. "कडेला अंगण कुठे असतं, शोभा? चार पावलांचा फरक इकडे पडला तर डबा उशिरा सापडतो. तिकडे पडला तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "शिकवलेलं सगळं विसरले. कड म्हणजे कड, म्हणून नेमकी कडच घातली आत. थोडी अलीकडची जागा तरी घ्यायची."

वारा वाहत होता. फाटलेला पदर त्यांनी मांडीवर घेतला आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मी पडले असते तर ते माझं होतं," त्या म्हणाल्या. "तू का आलीस?"

"पदर हातात आला म्हणून."

"तू पण गेली असतीस."

तोवर ते माझ्या मनातही आलं नव्हतं. आता आलं, आणि माझी मांडी थडथड उडायला लागली. बाईंचा हात तिथेच होता. त्यांना ते कळलं. त्यांनी हात काढला नाही.

मग म्हणाल्या, "डबा बघ."

"आता डबा कशाला?"

"मग आलो कशाला?"

झाडाच्या मुळांत एक पोकळी होती. दगड सरकवले, काठीने आत खडखड केलं, विंचू नाही हे बघितलं आणि हात घातला. डबा होता. मातीने आणखी आत सरकला होता, एवढंच. बाईंनी तो हातात घेतला, डोळे मात्र या वेळी मिटले नाहीत. झाकणावर उंदराने कुरतडल्याच्या खुणा होत्या. अंगठा त्यांच्यावरून गेला. "आहे," त्या म्हणाल्या आणि मला परत दिला.

व्हॅनपर्यंत त्या माझं कोपर धरून आल्या. पहिल्यांदाच. भिया पोह्यांच्या ठेल्यावर उभा होता. पदर बघून म्हणाला, "अरे, क्या हो गया माताराम?" बाई म्हणाल्या, "काँटों में फँस गया था." त्याने जिलबीचा कागद पुढे केला. तिथे रेंज होती. बाईंनी मला मुलाला फोन लावायला सांगितलं.

मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"हो, सापडला. यंत्र ठरलं, बटणांचं... नाही, काचेचं परत पाठवते. ऐक. आणखी एक आहे... मला दिसत नाही... नाही, उन्हाने नाही. मला दिसत नाही रे... दीड-दोन वर्षं... ओरडू नकोस. शोभा शेजारी आहे, तिला ऐकू जातंय."

मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. फोन कानाला आणि तोंड मात्र ज्या बाजूला दरी होती त्या बाजूला.

मुलगा दोन दिवसांनी आला, पुण्याहून एकटाच गाडी चालवत. मी पोळ्या करत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "शोभाताई, तुम्हाला माहीत होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही चादरीमागून हो म्हणालात."

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं.

"तिला मी शब्दात बांधून घेतलं होतं," बाहेरून बाईंचा आवाज आला. "जे बोलायचं ते इकडे येऊन मला बोल."

त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. मी पोळ्या करत राहिले, खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त झाल्या. मुलगा रागावला, मग विनवायला लागला, मग त्याचा आवाज भरून आला. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, उरलेलं तरी टिकेल, इथे एकटी कशी राहशील. बाईंनी एकच धरून ठेवलं होतं.

"माझ्या दाराला बाहेरून कडी नाही. चावी माझ्याजवळ राहील."

"आई, तुला कोण कोंडणार आहे?"

"तुझ्या मावशीलाही कोणी कोंडलं नव्हतं. फक्त कडी लावायचे."

शेवटी तो म्हणाला, "चावी तुझ्याजवळ राहील."

"आणि रोज मी बाहेर जाणार. पडले तर पडले."

"आई!"

"सपाट जमिनीवर जाईन. तेवढं कळलंय मला."

चार दिवस आवराआवर झाली. डबे इंदूरच्या पोरांच्या नावावर करून दिले, आता त्यांनी बघायचे. निसरपुरचा कोणी घेईना. बाई म्हणाल्या, तो माशांचाच राहू दे. बटणांच्या यंत्राचे पैसे मुलगा स्वतः जाऊन देऊन आला. कशाला हवंय आता, असं त्याने विचारलं नाही. काचेचं यंत्र त्याने खोक्यात घातलं. बाईंनी मला त्यांच्या दोन साड्या दिल्या, मांडूची नाही, ती त्यांनी बरोबर घेतली. मी शिवून दिली होती.

निघायच्या सकाळी गल्लीतली सगळी जमली. कोपऱ्यावरची भाभीसुद्धा आली, हातात शेव-चिवड्याचं पुडकं घेऊन, आणि टोमणा मारायचं विसरून डोळे पुसत उभी राहिली. भियाने सामान डिकीत रचलं. मी बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग कपाळावर, मग गालावर. "बारीक झालीस," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

मुलाने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला. "गाडीपर्यंत जाते मी."

पायऱ्या त्या बरोबर उतरल्या. गाडी दारासमोरच होती. छतावरून हात फिरवत त्या पुढे सरकल्या, कडी सापडली, दार उघडलं आणि साडी सावरून आत बसल्या. दार लावून घेतलं.

ती चालवणाऱ्याची सीट होती.

गल्लीत कोणी हललं नाही. भियाने तोंड उघडलं तशी मी त्याचा दंड धरला. बाई सरळ समोर बघत बसल्या होत्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि तो स्टिअरिंगला लागला. त्यांनी दुसराही हात त्यावर ठेवला. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. तिथे काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही.

"ये ना," त्या शेवटी मुलाला म्हणाल्या, आवाज नेहमीसारखाच ठणठणीत. "बस तिकडे. आज मी नेते."

तो गाडीच्या पुढून वळसा घालून गेला, पलीकडचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी बसला. दार लावलं. बाईंचे दोन्ही हात चाकावर, त्याचे दोन्ही हात मांडीवर. दोघे समोर बघत होते.

गाडी बराच वेळ हलली नाही.